लाव्हॉनचा डूख

लाव्हॉन स्टॉडर्डला कॅन्सर झालाय हे कळलं तेव्हा तिच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते क्लेटन टटलचं. देवाचं नाही, गेलेल्या नवऱ्याचंही नाही. क्लेटनचं. आता हा मेला कशी मान हलवील, तोंडानं कसं च्च च्च करील, आणि वर 'मी म्हणतच होतो' हे कुणाकुणाला ऐकवील, ते सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. समोर डॉक्टर इबारा, पोरसवदा बाई, कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावून सांगत होती. त्यातलं निम्मं लाव्हॉनच्या कानांत शिरलंच नाही. ती मनातल्या मनात क्लेटनला शिव्या घालत होती.

आता कुणी म्हणेल, बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. होतं हो, अगदी ठिकाणावर होतं. पण तीन वर्षं एखाद्यावर डूख धरून बसलं की माणसाला दुसरं काही सुचतच नाही, त्याला कोण काय करणार?

लाव्हॉन नेब्रास्कातली. आयुष्यभर तिनं शाळेची पिवळी बस चालवली. बर्फात, चिखलात, मागं पोरांचा गोंगाट, आणि पुढं हिचा एक डोळा कायम आरशात. पुढं पुढं तर नवे ड्रायव्हर तिच्याच हाताखाली तयार व्हायचे. मग ती आणि तिचा ऑरिन दोघांनी एकदम काम सोडलं, घर विकलं, ताटल्या-वाट्या भाच्यांना वाटल्या आणि एक लांबलचक मोटरहोम घेतलं. झोपायची खोली, चूल, संडास, सगळं चाकांवर. त्यानंतर त्यांचं घर म्हणजे ती गाडी. उन्हाळा वर डोंगरात, हिवाळा खाली ॲरिझोनात, मेस्क्विट बेंड नावाच्या पार्कात. तिथं गाड्या ओळीनं उभ्या राहतात, नळ जोडायचा, वीज जोडायची, आणि आपल्यासारख्याच भटक्यांच्या शेजारात चार महिने काढायचे. अकरा वर्षं असं चाललं. गाडी कायम लाव्हॉन चालवायची. ऑरिन शेजारच्या खुर्चीत बसून सफरचंदं कापून द्यायचा आणि ती कुठं चुकली की गप्प बसायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं ती सगळ्यांना सांगायची.

ऑरिनचं हृदय अधू झालं. डॉक्टर म्हणाले, आता एका जागी राहा, दवाखान्याजवळ. ऑरिन म्हणाला, एका जागी बसूनच मरायचं होतं तर नेब्रास्का काय वाईट होतं? त्याला ऑरेगनचा समुद्र पुन्हा एकदा पाहायचा होता. लाव्हॉननं विरोध केला, रडली, दोन दिवस अबोला धरला आणि शेवटी गाडी काढली. आयडाहोत एका पेट्रोलपंपावर ती कॉफी आणायला उतरली. दोन कप घेऊन परत आली तर ऑरिन खुर्चीत तसाच बसलेला, डोळे उघडे, पट्टा लावलेला. समुद्र राहिला तो राहिलाच.

त्या हिवाळ्यात ती एकटीच मेस्क्विट बेंडला आली. आपली माणसं तिथं आहेत, असं तिला वाटलं होतं.

तिथं दुपार कलली की सगळे आपापली घडीची खुर्ची आणि आपापला पेला घेऊन गोल करून बसतात. या गोलाची एक रीत आहे. उद्या जो निघणार त्याला शेवटचं बोलायला मिळतं. काय हवं ते बोलावं, पण त्याला कुणी उलट उत्तर द्यायचं नाही. त्याचं बोलून झालं की खुर्च्या मिटायच्या. निरोप घ्यायचा नाही, कारण रस्त्यात कुठंतरी गाठ पडणारच. भांडणाचं ओझं गाडीत घेऊन कुणी निघू नये, म्हणून जुन्या लोकांनी ही रीत पाडलेली.

त्या हिवाळ्यात एक दिवस लाव्हॉन गोलात गेली नव्हती. खिडकीशी कांदा चिरत होती. मोटरहोमच्या भिंती त्या काय, पुठ्ठ्याच्या. बाहेरचं सगळं आत ऐकू येतं. आणि क्लेटन टटलचा आवाज तर पार्काच्या फाटकापर्यंत जायचा.

"ऑरिनला तिनं गाडीत घालून मारला," क्लेटन म्हणाला. "दवाखान्याजवळ ठेवला असता तर आज इथं बसून बिअर पीत असता. पण बाईला स्टिअरिंग सोडवत नव्हतं ना!"

यावर कुणी काही बोललं असतं, एकानं जरी 'असं बोलू नये रे' म्हटलं असतं, तरी तिनं सोडून दिलं असतं. कुणी हूं की चूं केलं नाही. पेल्यातला बर्फ तेवढा वाजला. लाव्हॉन सुरी हातात धरून उभी राहिली. ते शब्द तिच्या जिव्हारी लागले, कारण आयडाहोपासून रोज पहाटे तिनं स्वतःला तेच विचारलं होतं. स्वतः विचारणं वेगळं आणि क्लेटन टटलनं पेला हातात घेऊन न्यायनिवाडा करणं वेगळं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती निघाली. गोलात बसली नाही, शेवटचं बोलली नाही. ते बोलायचं राहिलेलं तिच्या पोटात तसंच राहिलं.

हा क्लेटन म्हणजे मूळचा ओहायोतला, अग्निशमन दलातला निवृत्त साहेब. जागेच्या बदल्यात पार्काची देखरेख करायचा. कुणाची गाडी कुठं लावायची, कचरा कुठं टाकायचा, कुत्र्याला कुठं फिरवायचं, हे त्याला विचारलं नाही तरी तो सांगायचा. डोक्यावर कायम लाल टोपी. त्याची बायको नदीन त्याच्या मागून दोन पावलं चालायची आणि तो ज्यांना दुखवून पुढं जायचा त्यांच्याकडं बघून कसनुसं हसायची. सगळे म्हणायचे, नदीन सोन्यासारखी बाई आहे. लाव्हॉनला तेव्हा नदीनचाही राग यायचा.

पुढचे दोन हिवाळे ती मेस्क्विट बेंडच्या आसपाससुद्धा फिरकली नाही. वाळवंटात एकटी राहिली, न्यू मेक्सिकोत राहिली. मग शौचातून रक्त पडायला लागलं. आधी तिनं दोष दिला तिथल्या हिरव्या मिरच्यांना, मग गाडीच्या सीटला. शेवटी एका छोट्या दवाखान्यातल्या मुलीनं तिला तपासलं आणि मोठ्या डॉक्टरचा पत्ता दिला. गुदाशयात गाठ होती. आधी सहा आठवडे किरणं, मग ऑपरेशन, आणि नंतर कदाचित शौचासाठी कायमची पोटावर पिशवी. हे सगळं करू शकणारी डॉक्टर इबारा नेमकी त्याच गावात, मेस्क्विट बेंडपासून हाकेच्या अंतरावर. आणि ऐन हिवाळ्यात मोकळी जागा मिळाली तीही नेमकी मेस्क्विट बेंडमध्येच. लाव्हॉननं कपाळावर हात मारून घेतला.

ती फाटकातून आत शिरली तर पुढं क्लेटन उभा, लाल टोपी घालून. जागेवर गाडी मागं घेताना तो पाठीमागं उभा राहिला आणि हातांनी खुणा करायला लागला. ये, ये, अजून ये. मोठी गाडी मागं घेताना मागच्या माणसाच्या हातावर विश्वास ठेवायचा असतो. आरशात सगळं दिसत नाही, आणि मागच्याच्या हाताला मान द्यायचा ही या लोकांची शिस्तच. लाव्हॉननं मान दिला. धाडकन आवाज झाला. गाडीची मागची शिडी मेस्क्विटच्या झाडाच्या खोडावर आपटून वाकडी झाली. आपापल्या खुर्च्यांतून माणसं उठून बघायला लागली.

"एवढी मोठी गाडी एकट्या बाईला झेपत नाही," क्लेटन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सवय सुटली असेल."

मुद्दाम केलं यानं, लाव्हॉनच्या मनानं घेतलं. चारचौघांत माझी फजिती करायला मुद्दाम केलं. तिनं दात-ओठ खाल्ले आणि वीज जोडली. त्याच रात्री तिनं ठरवलं की मरायच्या आधी या माणसाचं उट्टं काढायचं. जगले तर ठीकच, पण उट्टं आधी.

आजाराची बातमी पार्कात पसरायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी क्लेटन दाराशी येऊन उभा राहिला. ऑपरेशनच्या दिवसाची काळजी करू नको, म्हणाला. हॉस्पिटलच्या आवारात रुग्णांच्या मोटरहोमसाठी वीज-पाण्याची जागा आहे, तिथं तुझी गाडी मी नेऊन लावीन, चावी माझ्याकडं देऊन ठेव. इथवर ठीक होतं. पण क्लेटनला थांबायचं कुठं हे कधी कळलं होतं?

"आणि हे बघ, लाव्हॉन," तो म्हणाला, "आता ती विकायचंही मनावर घे. पोटावर पिशवी घेऊन का कुणी गाडीत राहतं? माझ्या जावयाला अशीच पाहिजे आहे."

"क्लेटन," लाव्हॉन म्हणाली, "या गाडीच्या संडासाची टाकी मी चौदा वर्षं माझ्या हातांनी रिकामी करते आहे. ऑरिनचीही त्यातच असायची. पोटावरची पिशवी म्हणजे लहान टाकी. मला त्यात नवीन ते काय?"

क्लेटन तोंड वाकडं करून गेला. लाव्हॉन आत जाऊन खूप हसली आणि मग हसता हसता तिला रडू आलं. ती खुर्ची, ते स्टिअरिंग, तिथं हा माणूस बसणार? ज्यानं म्हटलं की तिला स्टिअरिंग सोडवत नव्हतं, तोच तिच्या हातातून स्टिअरिंग घेणार आणि सगळा पार्क बघणार? मेले तरी बेहत्तर, पण ते होऊ द्यायचं नाही. ऑपरेशनपेक्षा तिला त्याचीच धास्ती होती.

मग एक दिवस कपडे धुण्याच्या खोलीत नदीन तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. यंत्र सुरू होतं, त्याच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं बघून तिनं हळूच विचारलं, "मला गाडी चालवायला शिकवशील?"

लाव्हॉन बघतच राहिली. नदीननं जन्मभर ड्रायव्हरशेजारच्या उजव्या खुर्चीत बसून नकाशा धरला होता, सँडविच हातात दिलं होतं आणि 'उजवीकडं रस्ता मोकळा आहे' एवढंच म्हटलं होतं. लाव्हॉननं कारण विचारलं. नदीन आधी सांगेना, मग सांगायला लागली ती थांबेना. क्लेटनच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग आला होता. वर्ष झालं. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डॉक्टरकडं जायचं नाव काढलं की तो ताट सारून उठायचा. आणि तशाच डोळ्यांनी तो गाडी चालवत होता. उन्हाळ्यात कॅन्ससमध्ये रस्त्याकडेला शाळेची बस थांबलेली, लाल दिवे लुकलुकताहेत, बसच्या अंगाचा थांबा-फलक बाहेर आलेला, म्हणजे सगळ्या गाड्यांनी थांबायचंच. क्लेटनला ते दिसलं नाही, गाडी तशीच पुढं गेली. बसमधून उतरलेली एक मुलगी मागं उडी मारून वाचली.

"मी किंचाळले," नदीन म्हणाली. "तो म्हणाला, किंचाळायला काय झालं?"

ज्या बाईनं आयुष्यभर ती पिवळी बस थांबवून, तो फलक बाहेर काढून, पोरं रस्ता ओलांडेपर्यंत श्वास रोखून धरला, तिला हे ऐकवायचं? शिडी खोडावर का आपटली तेही तिला तिथंच कळलं. मुद्दाम नव्हतं. त्याला खोडच दिसलं नव्हतं. पण त्यानं तिचा राग कमी झाला म्हणता? उलट वाढला. आपण आपल्या बायकोला शेजारी बसवून आंधळेपणी गाडी हाकतो आणि दुसऱ्याच्या बायकोला म्हणतो की तू नवऱ्याला मारलंस! लाव्हॉनला असं वाटलं की देवानं तिच्या हातात आयतं हत्यार आणून ठेवलं.

नदीननं मात्र तिला शपथ घातली. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. "मला चालवता यायला लागली की मी त्याला घरी समजावीन," ती म्हणाली. "दोघंच असताना. तो अधिकारी माणूस गं. त्याला चारचौघांत खाली बघायला लावू नको."

लाव्हॉननं शपथ घेतली. घेतली म्हणजे काय, मान हलवली.

किरणं घ्यायला रोज जावंच लागायचं. नदीन सोबत जाते, असं क्लेटनला सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. परत येताना दोघी लाव्हॉनचं मोटरहोम घेऊन गावाबाहेरच्या रोडिओच्या, म्हणजे घोडे-बैलांच्या खेळांच्या मैदानावर जायच्या. तिथं हिवाळ्यात चिटपाखरू नसायचं. लाव्हॉन उजव्या खुर्चीत उशीवर बसायची, कारण किरणांनी खालची सगळी कातडी भाजून निघाली होती, आणि नदीनवर ओरडायची.

"आरशात बघ, आरशात! पुढचं काय बघतेस, पुढचं तर गाढवालाही दिसतं. वळताना गाडीची शेपटी उलट्या बाजूला जाते. मागची चाकं कुठं आहेत ते तुझ्या बुडाला कळलं पाहिजे."

"माझ्या बुडाला एवढी अक्कल असती तर मी क्लेटनशी लग्न केलं असतं का?" नदीन म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की नदीनला ब्रेक दाबून गाडी थांबवावी लागली.

नदीन झपाट्यानं शिकली. रिकामी पिंपं उभी करून लाव्हॉननं तिला त्यांच्यामधून गाडी मागं घ्यायला लावली. सुरुवातीला पिंपं गडगडत जायची. मग एक दिवस गाडी अशी नेमकी आत गेली की दोन्ही बाजूंना सारखीच जागा उरली. नदीन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. इतकी वर्षं मी त्या बाजूला काय करत होते, असं काहीतरी पुटपुटली. लाव्हॉनला तेव्हा आतून भरून आलं. एवढ्या दिवसांत तिनं गाठीचा विचार केला नव्हता, मरणाचाही केला नव्हता. ही बाई तिला आवडायला लागली होती. ऑरिन गेल्यापासून कुणी आवडलं नव्हतं.

पण डूख काही गेला नव्हता. रोज पार्कात परतताना फाटकाशी लाल टोपी दिसली की तिच्या तोंडात कडू पाणी यायचं. बायको शिकली, आता तू बस नकाशा धरून, असं ती मनात म्हणायची. एवढा सूड पुरे होता. खरं सांगायचं तर चांगलाच सूड होता तो, वर कुणाचं भलंही होणार होतं. तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गोल भरला. लाव्हॉन उद्या निघणार म्हणून शेवटचं बोलणं तिचं. दवाखान्यात जाणं म्हणजे निघणं का, असा प्रश्न कुणी काढला नाही. जागा रिकामी होतेय म्हणजे निघणंच. पोट साफ करायचं औषध संध्याकाळी सुरू करायचं होतं, म्हणून तिच्या पेल्यात नुसतं पाणी. लोक चांगलं बोलले. एका केंटकीवाल्या बाईनं तिच्यासाठी गोधडी शिवली होती. मग क्लेटन उठला. आपण सगळे लाव्हॉनच्या पाठीशी आहोत, म्हणाला. उद्या गाडी मी नेणार आहे, म्हणाला. आणि सगळ्यांच्या देखत त्यानं चावीसाठी हात पुढं केला.

"दे बाई," तो म्हणाला. "एवढी धाडसाची कामं एकटीनं करू नयेत. ऑरिनच्या वेळी जे झालं ते झालं."

बस्स. लाव्हॉन उठून उभी राहिली.

"माझं शेवटचं बोलणं आहे, तेव्हा ऐका," ती म्हणाली. "या माणसाला समोरचं दिसत नाही. वर्ष झालं. माझी शिडी यानं वाकवली कारण याला झाड दिसलं नाही. कॅन्ससमध्ये यानं थांबलेल्या शाळेच्या बसच्या बाजूनं गाडी नेली, एक पोर थोडक्यात वाचली. आंधळ्या डोळ्यांनी हा नदीनला घेऊन रस्त्यावर फिरतो. आणि याच खुर्चीत बसून यानं म्हटलं होतं की माझ्या नवऱ्याला मी गाडीत घालून मारलं. मी खिडकीत होते, क्लेटन. ऑरिनला समुद्र बघायचा होता. नदीनला काय बघायचं होतं ते तू कधी विचारलंस?"

उत्तर द्यायचं नाही ही रीत. क्लेटनचा पुढं केलेला हात तसाच राहिला, मग हळूच खाली गेला. तीन वर्षं लाव्हॉननं या घटकेची वाट पाहिली होती आणि ती तिला जशीच्या तशी मिळाली. छातीवरची धोंड उतरली असं तिला वाटलं. मग तिची नजर नदीनकडं गेली. नदीन तिच्याकडंच बघत होती. रडत नव्हती, रागानंही बघत नव्हती, कुणी अनोळखी बाईकडं बघावं तशी बघत होती. खुर्च्या मिटल्याचे आवाज झाले. नदीननं क्लेटनची खुर्ची मिटली, स्वतःची मिटली, आणि त्याच्या कोपराला धरून त्याला घेऊन गेली.

ते औषध पिऊन लाव्हॉनची रात्र संडासातच गेली, त्याबद्दल अधिक सांगायला नको. शरीर रिकामं होत होतं आणि डोक्यात सगळं भरून येत होतं. आधी तिला फार बरं वाटलं. कसं तोंड झालं होतं मेल्याचं! मग नदीनची ती नजर आठवायची आणि बरं वाटणं बंद व्हायचं. क्लेटनबद्दल तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण नदीननं तिला जी एक गोष्ट जिवाच्या भरवशानं सांगितली होती, तिचाच दगड करून तिनं फेकला होता. लाज वाटली तिला, चांगलीच वाटली. आणि धास्तीही, कारण सकाळी गाडी न्यायला आता कोण येणार होतं? पाय लटपटत होते, उभं राहिलं की अंधारी येत होती. स्वतः चालवावी तर वाटेत कुणाच्या तरी अंगावर घालायची, आणि मग क्लेटनमध्ये आणि तिच्यात फरक काय राहिला?

उजाडलं तेव्हा बाहेर वीज काढल्याचा खटका ऐकू आला. लाव्हॉन दारात आली. नदीन गाडीभोवती फिरत होती. वायर गुंडाळली, सांडपाण्याचा पाइप काढून धुऊन ठेवला, छपरावरचा अँटेना खाली आहे ना ते बघितलं, पायरी आत घेतली. सगळं शिकवल्यासारखं. लाव्हॉननं चावी पुढं केली, ती तिनं घेतली आणि डाव्या, ड्रायव्हरच्या खुर्चीत बसली.

क्लेटन त्याच्या गाडीपुढं खुर्चीत बसला होता. डोक्यावर टोपी नव्हती. ही वेळ यावी, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच बायकोनं आपल्याला घेऊन जावं, म्हणून लाव्हॉननं काय काय मनात रंगवलं होतं. काच खाली करून काय बोलायचं तेही ठरवलं होतं. गाडी त्याच्यासमोरून गेली तेव्हा त्यानं मान वळवली ती इंजिनाच्या आवाजाकडं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला नीट दिसलं नाही, आणि तिचा चेहरा तर त्याला दिसणारच नव्हता. तिनं काच खाली केली नाही.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर नदीन बोलली.

"तू म्हणालीस त्यात खोटं काही नव्हतं," ती म्हणाली, नजर आरशात. "पण ते माझं होतं, लाव्हॉन. मी तुला दिलं होतं. त्यानं तुला जे म्हटलं त्याचं तू त्याला हवं ते सुनावायचंस. माझं काढायचं तर मला विचारायचं होतंस."

"मला राग आवरला नाही," लाव्हॉन म्हणाली.

"त्यालाही आवरत नाही. मी जन्मभर तेच बघितलंय."

क्लेटनसारखी, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती ऑरिनच्या खुर्चीत पोटावर हात धरून बसली. नदीननं हॉस्पिटलच्या आवारात गाडी एका दमात मागं घेतली, कुणाच्याही खुणेशिवाय. दोन्ही बाजूंना सारखी जागा.

आत नर्सनं लाव्हॉनच्या मनगटाला पट्टी बांधली, हिरवा झगा दिला आणि नदीनकडं वळून विचारलं, तुम्ही यांच्या कोण?

"ड्रायव्हर," नदीन म्हणाली.

बहीण म्हणाली असती, मैत्रीण म्हणाली असती, नर्सनं तेही लिहून घेतलं असतं. तिनं ड्रायव्हर म्हटलं, आणि लाव्हॉनला ते इतकं लागलं की सुईनं हाताची शीर शोधली तेव्हा तिला कळलंही नाही. गाडी मी लावून ठेवते, टाकीचं मी बघते, चावी इथं ठेवते, असं म्हणून नदीन जायला वळली.

"ऑपरेशन झालं की आधी कुणाला फोन करायचा, मिसेस स्टॉडर्ड?" नर्सनं विचारलं. "घरचं कुणी?"

"क्लेटन टटलला," लाव्हॉन म्हणाली.

"तुमचे कोण लागतात?"

"कोणी नाही. त्याला माझी गाडी हवी होती. त्याला म्हणावं, बाई जिवंत आहे. उचलेपर्यंत फोन वाजू द्या."

नदीन पडद्याशी थांबली होती. चावी अजून तिच्या हातातच होती.

"त्याला फोनवरचे आकडे दिसत नाहीत आता," ती म्हणाली. "त्याचा फोन मीच उचलते."

"माहीत आहे मला," लाव्हॉन म्हणाली, आणि नर्सला क्लेटनचा नंबर सांगायला लागली.